जानाईची माळ आणि मालनकाकीची दुपार

हं! टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही हात झाडून घ्या. नाम घेऊन झालं, गळे मोकळे झाले, आता कान मोकळे करा! आणि पुढं सरका हो — खांबाला टेकून बसलेली मंडळी मला इथून दिसतायत. खांबाला टेकलं की पाच मिनिटांत मान पडते, आणि मी काही इथं अंगाई म्हणायला उभा नाही!

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन आलोय. ऐकायला सोपा आहे. जे आपल्याला घ्यायचं नाही — ते बघायचं कशाला?

सांगा की! यात्रेत दुकानदार काय म्हणतो? "घ्यायचं असंल तर हात लावा, न्हाईतर पुढं व्हा!" नवरा बायकोला काय म्हणतो? "घ्यायचीय का साडी? न्हाई ना? मग चल!" — हसू नका काका, तुम्हीच म्हणता, काकूंनी मान हलवलेली मला दिसली! आणि आम्ही बुवा लोक तर त्याच्याही पुढं. आम्ही सांगतो, डोळा गेला की मागं मन जातं, मन गेलं की मागं हाव जाते. म्हणजे बघणं हीच हाव झाली! खरं का खोटं? आत्ता बोलू नका. आधी गोष्ट ऐका, मग तुम्हीच न्याय करा.

तर खानापूर तालुक्याच्या माळावर एक गाव आहे. नाव सांगत नाही. नाव सांगितलं तर उद्या त्या गावची चार माणसं माझ्या दारात उभी राहतील — "बुवा, आमचं नाव का घेतलं?" आणि पलीकडच्या गावची आठ येतील — "आमचं का नाही घेतलं?" तर एक गाव. पाऊस कमी, कुसळं जास्त. मग तिथली माणसं पोटामागं कुठं गेली? ठाऊक आहे तुम्हाला — गलाईला! हिंदुस्थानात जिथं म्हणून सोनं आहे, तिथं एका गल्लीत या माळावरचा माणूस भट्टी पेटवून बसलेला आहे. जुना दागिना आणा, मुशीत टाका, खालून आग, वरून चिमूटभर टाकणखार, मळ जळाला, शुद्ध सोन्याची लगड बाहेर! हीच गलाई. घामाचा धंदा, इमानाचा धंदा. रतीभर इकडचं तिकडं नाही.

त्या गावचे निवृत्तीशेठ शितोळे. तिकडं सेलमला त्यांची भट्टी. आणि त्यांची मंडळी मालन — गाव तिला मालनकाकी म्हणतं. लग्न झालं, गावदेवी जानाईच्या पाया पडली आणि नवऱ्यामागं सेलमला गेली. भाषा येईना, शेजार कळेना. एकच खोली — पुढं भट्टी, मागं चूल. मध्ये एक पडदा. मालन भाकरी थापता थापता पडद्याच्या फटीतून काय बघायची? दागिने!

अहो, काय एकेक दागिना यायचा त्या भट्टीवर! कुणाच्या पणजीचे तोडे, कुणाच्या लग्नातला कमरपट्टा. त्यावर मोर, त्यावर वेली, बोटाच्या पेराएवढ्या जागेत लक्ष्मी बसलेली, तिच्या हातातल्या कमळाच्या पाकळ्यासुद्धा मोजून घ्याव्यात! कोण्या कारागिराचे डोळे गेले असतील त्यात. आणि निवृत्तीशेठ काय करायचे? काट्यावर ठेवायचे, वजन बोलायचे, आणि — टाकला मुशीत! मोर गेला, वेल गेली, लक्ष्मीसुद्धा गेली. खाली लाल रस तेवढा राहिला.

मालन एकदा म्हणाली, "आवो, एवढा एक ठिवा की बाजूला. आजच्या दिस. मला नीट बघू द्या."

शेठ म्हणाले, "बघून काय करणार? आपला हाय का त्यो? आपल्याला नक्षीचं काय बी नसतं मालन. आपल्याला वजन."

माणूस वाईट नव्हता हो! कधी हात उगारला नाही, कधी दारूला शिवला नाही. पण उभी हयात आगीपुढं काढलेली. डोळ्याला वजनच दिसायचं. आणि म्हणूनच त्यांच्या हातून ती चूक झाली. ऐका हं, ही चूक तुमच्याआमच्या हातून झाली नसती. ही गलाईवाल्याच्याच हातून व्हायची.

मालनची आई वारली. जाताना लेकीसाठी आपली वज्रटीक ठेवून गेली. लाल पट्टीवर सोन्याचे दाणे दाटीनं बसवलेले, गळ्याला घट्ट बसणारी जुनी टीक. मालननं ती ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवली. ती घालायची नाही. दुपारी पेटी उघडायची, हात फिरवायची, मिटायची. निवृत्तीशेठनी ते बघितलं. त्यांना काय वाटलं असेल? त्यांना वाटलं, बायको घालत नाही म्हणजे जुनाट झाली म्हणून घालत नाही! बिचाऱ्यांनी प्रेमानं, बायकोला खूश करायचं म्हणून, न सांगता ती टीक काढली, मुशीत टाकली, स्वतःच्या पदरचं सोनं वर घातलं, आणि झगझगीत नव्या पाटल्या करून आणल्या!

"बघ मालन! तुझ्या आईच्या टिकेच्या पाटल्या! वजनात वाढवूनच दिलंया, कमी न्हाई केलं!"

मालन पाटल्यांकडं बघत राहिली. भट्टीशेजारी राखेत ती लाल पट्टी पडली होती, आईच्या घामानं काळी झालेली. तिनं ती उचलली, पदरात बांधली, आणि पाटल्या हातात चढवल्या. रडली नाही, बोलली नाही. नवरा इतका आनंदात होता की त्याला काय सांगणार? बायांनो, तुम्हाला ठाऊक आहे ते न बोलणं कसं असतं.

वर्षं गेली. मुलगा कर्ता झाला, त्यानं सेलमची भट्टी सांभाळली, आणि शेठ आणि मालनकाकी गावी परत आली. सूनबाई अश्विनी शहाणी पोर. निघताना तिनं आपला जुना फोन सासूच्या हातात दिला. "आई, यात काय बी बघता येतं. लिहिता येत नसलं तर नुसतं बोला. तो ऐकतो."

आता गावी दुपार मोठी असते मंडळी. जेवणं झाली, शेठ आत घोरायला लागले, बाहेर ऊन रटरटतंय. मालनकाकी सोप्याच्या उंबऱ्यावर बसली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कुणी नाही. फोन तोंडाशी धरला आणि हळूच — नवसाला बोलतात तशी — म्हणाली, "जुनी वज्रटीक."

आणि मंडळी, फोननं काय दाखवलं? एक ग्रॅमच्या माळा! 'आजच मागवा! घरपोच मिळवा!' — काकी फोनलाच म्हणाली, "आरं, मला घ्यायची न्हाई बाबा. जुनी बघायचीय. आईच्यासारखी."

पण हिचा चिवटपणा! रोज दुपारी बसायची. एक दाबून बघ, दुसरं दाबून बघ. आणि एके दिवशी दार उघडलं! कुठल्या कुठल्या देशांतली संग्रहालयं! काचेच्या कपाटात जुने दागिने ठेवलेले, एकेकाचा एवढा मोठा फोटो! बोटांनी पसरवला की दाणान् दाणा दिसावा. बुगड्या, वेलबुंदे, तन्मणी, वाक्या! कुठल्या मातीतून निघालेलं कानातलं, कुण्या राणीचं, कुण्या गाडीवानाच्या बायकोचं. मग चित्रं. फोनला एकदा का कळलं ना तुम्हाला काय आवडतं — आपली माणसं जन्मभर सोबत राहून ओळखत नाहीत, ते ह्यानं आठवड्यात ओळखलं! नथ घालून आरशात बघणारी बाई, मांडीवर पोपट घेऊन बसलेली पोरगी, विलायतेतली एक म्हातारी खिडकीपाशी शिवण घेऊन बसलेली. काकी तिच्याकडं बघून म्हणाली, "हिची बी पाठ दुखत आसंल."

आणि मग टीक. आईची नव्हे हो! आईची गेली. पण तशीच — तीच दाटी, तशीच पट्टी. कुठं तरी दूरच्या गावात, काचेमागं, दिव्याखाली, मखमलीवर. काकीनं बघितलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. किती वर्षांचं अडलेलं पाणी ते! पण दुःखाचं नव्हे मंडळी. ती पुटपुटली, "वाचली बाई तू. आमच्या मुशीतनं वाचलीस."

त्या दिवसापासनं काकीची दुपार सुखाची झाली. विकत काय घेतलं? काही नाही. मागितलं काय? काही नाही. नुसतं बघायचं, आणि उठायचं ते हलकं होऊन. जगात आपल्याला आवडणारी वस्तू कुठं तरी आहे, कुणी तरी जपलीय, एवढ्यानं तिचं मन भरायचं. पण लोक? लोक काय गप्प बसतात? शेजारणी म्हणाल्या, "म्हातारपणी सोन्याचं खूळ लागलं काकीला!" आणि शेठ जागे झाले की पाणी पिता पिता रोज तोच टोमणा — "घ्यायचं न्हाई, द्यायचं न्हाई, मग बघतीस कशाला? फुकटची हाव!"

आला का आपला प्रश्न? आला! आता खरी कथा सुरू होते. खांबाजवळचे, जागे आहात ना?

त्या गावात एक रीत आहे. गावातली कुणी लेक-सून नवऱ्यामागं दूर देशी गलाईला निघाली, की जाण्याआधी जानाईच्या माळेत एक सोन्याचा मणी ओवायचा. ज्याची जशी ऐपत. कुणाचा भरीव, कुणाचा पोकळ, कुणाचा नुसता लाखेवर सोन्याचा पत्रा. मणी ओवताना म्हणायचं, "आई, मी लांब चालले. माझं ध्यान ठेव." पिढ्यान् पिढ्या असे मणी ओवले गेले. एकाला एक सारखा नाही, एक मोठा, एक चेपलेला, एक वाकडा — अशी ती जानाईची बोरमाळ! आणि तिला हात लावायचा मान बायकांचा. यात्रेआधी बायकाच ती रिठ्याच्या पाण्यात धुतात आणि देवीच्या गळ्यात घालतात. पुरुषांनी लांबून नमस्कार करायचा.

आता देवस्थानची कमिटी झाली. अध्यक्ष बजरंगशेठ. माणूस उमदा, आवाज मोठा, आणि हातात — अहो, मूठ मिटत नव्हती इतक्या अंगठ्या! बजरंगशेठनी बैठकीत ठरवलं, "यंदा जानाईला सोन्याचा मुकुट! पलीकडच्या गावच्या देवाला हाय, आपल्या देवीला न्हाई, ह्ये बरं दिसतं व्हय?" सोनं कुठून आणायचं? "ती जुनी माळ हाय की! वेडीवाकडी, चेपलेली. घाला मुशीत!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण बैठकीत सगळे गलाईवाले! आणि वितळवायचा मान कुणाला? गावातला सगळ्यात जुना, सगळ्यात इमानी हात कुणाचा? निवृत्तीशेठचा!

शेठ पेढे घेऊन घरी आले. छाती फुगलेली. "मालन, तोंड गोड कर! देवीचा मुकुट माझ्या हातनं व्हायचाय!"

काकीनं ऐकलं सगळं. पेढा हातातच राहिला. "आन् माळ?"

"माळंचाच मुकुट. देवीचं सोनं देवीलाच. गुंजभर कमी व्हायचं न्हाई, माझा शबुद हाय!"

तेव्हा मंडळी, त्या टिकेबद्दल आयुष्यात पहिल्यांदा ती बोलली. "आवो, माझ्या आईच्या टिकेचं बी वजन कमी झालं न्हवतं."

शेठ उभेच राहिले. "म्हंजे?" — त्यांना खरंच कळेना हो! "आगं, पाटल्या दिल्या की मी!"

"दिल्यासा. पर आई गेली ना त्याच्यातनं. पाटल्यांत मला सोनं दिसतं, आई दिसत न्हाई. म्हून मी दुपारची बघत बसते. हाव न्हाई ती. शोधती मी."

शेठ खाली बसले. पण पुरुषाचा शब्द गेलेला! चार माणसांत मान घेतलेला! "आता म्या न्हाई म्हनलं तर गावात तोंड कसं दाखवू?" म्हणाले, आणि पेढ्यांचा पुडा फडताळात ठेवून बाहेर निघून गेले.

काकीनं काय करावं? कमिटीपुढं जाऊन बोलावं तर बायकांना बैठकीत बोलवतंय कोण? रडत बसावं? नाही! माळ धुवायचा दिवस आला. देवळामागच्या आडावर दुपारी बायका रिठे घेऊन बसल्या. शेवटचं धुणं ते! तेव्हा काकीनं फोन काढला.

"ए, थांबा गं. त्या परदेशातल्या लोकांचं मी बघितलंया. फुटकी बांगडी असली तरी तिचा फोटू काढत्यात, आन् खाली सांगत्यात — ही कुणाची, कुठनं आली. आपल्या मण्यांखाली कुणी सांगायचं? आपुनच!"

आणि एकेक मणी तळहातावर घेऊन, उन्हात धरून, फोटो काढला! प्रत्येक फोटोखाली फोनला तोंड लावून बोलायची — "हा चेपलेला मणी कुणाचा? ओळखा." "हा लाखंचा, एका बाजूनं उघडा पडलेला, कुणाचा? ओळखा." आणि शेवटी — "बायांनो, यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी ही माळ मुशीत जानार. आपला मणी बघून घ्या." आणि गावच्या सगळ्या गलाईला बाहेर गेलेल्या बायकांच्या ग्रुपवर — 'जानाईच्या लेकी' नावाचा ग्रुप — धाडून दिलं! पाटण्याला, मदुरैला, गुवाहाटीला, कुठं कुठं.

आणि उत्तर? नाही! खुणा निळ्या झाल्या, म्हणजे बघितलं सगळ्यांनी. पण एक अक्षर नाही. एक हात जोडलेला नाही, एक फूल नाही. एरवी सकाळी उठल्या उठल्या गुलाबाची फुलं पाठवून फोन भरून टाकतात की नाही तुम्ही? आणि आता चिडीचूप! दुसरा दिवस गेला, तरी गप्प. काकीला वाटलं, झालं. कुणाला पडलेलं नाही. मीच येडी.

उजाडला तो दिवस! देवळापुढं मांडव, बँड उभा, सगळा गाव लोटलेला. मधोमध भट्टी. निवृत्तीशेठ स्वच्छ धोतर नेसून बसलेत, पण चेहरा उतरलेला. समोर काटा. बजरंगशेठनी रीत बाजूला सारून स्वतःच माळ आणली, काट्यावर ठेवली, वजन मोठ्यांदा बोलले, टाळ्या झाल्या. बँडवाल्यांनी गाणं सुरू केलं. बायका लांब, देवळाच्या पायरीवर. काकी त्यांच्यात. डोळे मिटून उभी.

मूस लाल झाली. शेठनी माळ उचलली —

आणि फोन वाजला! ए, तुमचा नव्हे, खिसे चाचपू नका! बजरंगशेठचा फोन वाजला. बघतात तर पाटण्याची आत्या! बजरंगशेठला हिनंच अंगाखांद्यावर खेळवलेलं. घेतला फोन. बँडच्या आवाजात ऐकू येईना म्हणून मोठा लावला, आणि सगळ्या गावानं ऐकलं —

"बजऱ्या! माझ्या मण्याला हात लावलास तर बघ!"

बँड थांबला.

"आत्या, आगं, कसला मणी—"

"कसला? एका बाजूनं उघडा पडलेला, लाखेचा! तुझ्या आज्याकडं भरीव मण्याची ऐपत न्हवती म्हून लाखेचा घातला मी! आक्खी वाट रडत गेले मी त्या मण्यापायी! त्यो तू जाळनार व्हय रं?"

बजरंगशेठ काही बोलायच्या आत दुसरा फोन. खजिनदाराचा! त्याची बायको मदुरैहून. मग तिसऱ्याचा, मग चौथ्याचा! कमिटीचे खिसेच्या खिसे वाजायला लागले! मांडवातल्या गड्यांचे फोन वाजले, बँडच्या ढोलवाल्याचासुद्धा वाजला — त्याची बहीण गुवाहाटीला! "माझा वाकडा मणी!" "माझ्या सासूचा मणी!" "माझी आजी गेली तिकडंच, तिचा एवढाच मणी राहिलाय गावात!" अहो, जी बाई नवऱ्याला कधी उलट शब्द बोलली नाही, ती आज फोनमधून गरजतेय, आणि नवरा भर मांडवात उभा राहून "व्हय, व्हय" म्हणतोय!

आणि ग्रुपवर का गप्प होत्या? आत्यानं एकेकीला फोन करून सांगितलं होतं — ग्रुपवर बोलून काय उपयोग? तिथं आपल्या आपणच. ज्यांनी ठरवलंय, त्यांच्या कानात बोला. भट्टी पेटली की बोला! काय डोकं म्हणावं!

पण बजरंगशेठ हटला नाही बरं का. अध्यक्ष माणूस! घाम पुसला आणि ओरडला, "देवीचं काम हाय! बायकांच्या रडण्यानं थांबत न्हाई! निवृत्तीशेठ, टाका!"

सगळे निवृत्तीशेठकडं बघायला लागले. त्यांच्या हातात माळ. त्यांनी मान वर केली. पायरीवर बघितलं. आणि भर गावात बायकोला हाक मारली — "मालन! तुझा कुठला गं?"

काकी पुढं आली. गर्दीनं वाट दिली. माळेजवळ वाकली. बोट ठेवलं. "ह्यो बारका. ह्यो माझा."

"आन् ह्यो शेजारचा? चेपलेला?"

काकीनं त्यावरही बोट ठेवलं. "त्यो मामींचा. तुमच्या आईचा. मला जवळ बसवून म्हनल्या हुत्या, माझ्या मण्याला लागून ओव, म्हंजे तिकडं एकटं वाटायचं न्हाई."

मंडळी! हा माणूस जन्मभर इमानानं सोनं तोलत आला. स्वतःच्या आईचा मणी आत्ता तोलला होता, आणि त्याला ठाऊक नव्हतं! त्यानं तो चेपलेला मणी अंगठ्यानं चाचपला. चाचपला, आणि भर मांडवात, सगळ्या गावासमोर, तो म्हातारा हुंदका देऊन रडला. "आये..." म्हणाला. "आये, मी तुलाच टाकत हुतो की गं!"

मग उठला. माळ दोन्ही हातांनी काकीपुढं धरली. "ह्ये माझ्या हातनं व्हायचं न्हाई. घाल देवीला."

बजरंगशेठ म्हणाला, "तुम्ही न्हाई तर दुसरा गलाईवाला!" — आणि वळून बघतो तर? सगळा मांडव गलाईवाल्यांचा! घराघरात एक! पण एकजण पुढं येईना. एकजण मान वर करीना. प्रत्येकाच्या कानाला फोन, आणि फोनवर बाई!

तेवढ्यात आत्याचा फोन अजून चालूच! त्यातून आवाज आला, "बजऱ्या, मुकुट पायजे ना तुला? मग तुझ्या बोटातल्या अंगठ्या घाल की मुशीत!"

गाव फुटलं हो हसून! पोटं धरून हसलं! आणि निवृत्तीशेठनी डोळे पुसले, पहिल्यांदा हसले, आणि पक्का धंदेवाला जागा झाला — "खरंच की! भट्टी तापलीया. कोळसा वाया कशाला घालवायचा?" आपल्या बोटातली अंगठी काढली आणि टाकली मुशीत! मग खजिनदारानं गळ्यातला गोफ काढला. मग एकेकजण! आणि सगळ्यात शेवटी बजरंगशेठ. एक अंगठी निघेना, साबण लावून काढली! मूठ मोकळी झाली आणि तो आपल्याच हाताकडं बघत म्हणाला, "आगं आत्या, मूठ मिटायला लागली की माझी!"

मुकुट झाला! ठरला होता तेवढा मोठा नाही झाला, जरा लहानच झाला, पण झाला! आणि त्याखाली जानाईच्या गळ्यात तीच माळ — वाकडी, चेपलेली, लाखेची. बायकांनी ती वाजतगाजत नेली. बँड थांबवून थांबत नव्हता. यात्रेच्या दिवशी माळेसमोर रांग लागली, कारण आता प्रत्येकाला आपला मणी बघायचा होता. घ्यायचा होता का? नाही. नुसता बघायचा होता!

आणि पुढं एका दुपारी, जेवण झाल्यावर, निवृत्तीशेठ घोरायला आत गेले नाहीत. सोप्यात आले. "सरक जरा," म्हणाले. काकीशेजारी उंबऱ्यावर बसले. "काय बघतीस? मला बी दाव."

काकीनं टीक दाखवली. शेठनी चष्मा लावला, बोटांनी मोठी केली, खूप वेळ बघितली. वजन विचारलं नाही हो त्यांनी! "काय हात असंल करणाऱ्याचा," म्हणाले. मग हळू आवाजात — "मालन, माझं चुकलं. लई मोठं चुकलं."

काकी म्हणाली, "आता बघा पुढचं. ही बाई बघा, पोपट घेऊन बसलीया." आणि दोघं म्हातारी दिवस कलेपर्यंत चित्रं बघत बसली. सांजवात लावायला उशीर झाला, आणि काकीला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

आता न्याय करा मंडळी! घ्यायचं नाही, ते बघायचं कशाला? अहो, तुम्ही इथं कशाला आलात? गाभाऱ्यातली ती सावळी मूर्ती घरी न्यायला आलात? पिशवीत घालून नेणार आहात? नाही ना! मग लांबून, गर्दीतून, टाचा उंच करून बघता कशाला? नुसतं बघायला! बघून तुमचं काय वाढतं? काही वाढत नाही. आणि तरी हलके होऊन घरी जाता. याला आपण दर्शन म्हणतो. मालनकाकी दुपारी उंबऱ्यावर बसून तेच करत होती, आणि आम्ही शहाणे तिला हावरी म्हणत होतो! हाव बघण्यात नसते बाबांनो. बघताना तोलण्यात असते.

आता माझं शेवटचं ऐका, आणि हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही, काका. तुम्ही, मास्तर. आणि हो, खांबाजवळचे, तुम्हीही! जन्मभर सगळं तोलत आलात. जावई तोलला, सून तोलली, मैत्रीसुद्धा काट्यावर घातली. आता एक करा. माना वळवा. वळवा हो, लाजू नका! शेजारी तुमचं माणूस बसलंय. बायको असेल, आई असेल, भाऊ असेल. काय दिलं, काय घेतलं, सगळं विसरा आणि त्याच्याकडं नुसतं बघा. नीट बघा. शेवटचं असं कधी बघितलं होतंत?

बघताय? ... बघा. मी थांबतो.

हं! आता त्या बघण्यातूनच बोला, आणि असं बोला की त्या माळापर्यंत आवाज गेला पाहिजे — जानाईच्या नावानं, चांगभलं!